आकृती ४.३ आणि एक बरोबरचं चिन्ह

प्रबंधातली आकृती ४.३ एकूण किती वेळा काढली ते मोजणं मी सोडून दिलंय. आकृती साधीच आहे. डावीकडून संदर्भ वेग येतो, मग बेरजेचा छोटा गोल, मग नियंत्रक, मग मोटर, आणि मोटरच्या पुढून निघून खालून वळसा घालत गोलाकडे परत येणारी फीडबॅकची, म्हणजे मोजलेला वेग परत आणणारी, रेघ. कंट्रोल सिस्टिम शिकलेल्या कुणालाही ती कागदावर अर्ध्या मिनिटात काढता येईल. मला टिक्झमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून आकृती काढायच्या साधनात, दोन दिवस लागले.

पहिल्या दिवशी मी सगळं आकड्यांनी मांडलं. गोल (०,०) वर, नियंत्रक (२.५,०) वर, मोटर (५,०) वर. रेघांची टोकंही आकड्यांतच. दिसायला छान दिसलं. संध्याकाळी मार्गदर्शक म्हणाले, "नियंत्रक आणि मोटरच्या मध्ये ड्रायव्हर दाखवा की." एकच चौकोन, मोटरला वीज देणाऱ्या सर्किटचा! त्यापायी अकरा आकडे बदलावे लागले. त्यातला एक राहून गेला आणि बाण थेट मोटरच्या पोटात घुसला. दुसरीकडे ० च्या जागी ०.०५ पडलं होतं. पडद्यावर ते कळलंच नाही, छापल्यावर मात्र ती रेघ कलंडलेली दिसली.

टिक्झ या नावाचा जर्मन विस्तार "टिक्झ हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर नव्हे" असा आहे. टिल टांटाऊ यांनी तो गमतीने ठेवला असेल, पण त्या रात्री मला तो टोमणाच वाटला. मी त्याला चित्र काढायचं सॉफ्टवेअर समजूनच वापरत होतो ना.

दुसऱ्या दिवशी आकडे पुसले आणि टिक्झची पोझिशनिंग लायब्ररी, म्हणजे मांडणीच्या तयार आज्ञांचा संच, घेतली. आता प्रत्येक चौकोन सांगतो की मी अमक्याच्या उजवीकडे आहे. इथे एक खड्डा आहे, आणि इंटरनेटवरची जुनी उदाहरणं उचलणारे हमखास त्यात पडतात. 'राइट ऑफ=मोटर' आणि 'राइट=ऑफ मोटर' यांत फरक फक्त बरोबरचं चिन्ह कुठे आहे एवढाच. पहिली पद्धत जुनी, ती अंतर मोजते केंद्रापासून केंद्रापर्यंत. दुसरी लायब्ररीची, ती मोजते कडेपासून कडेपर्यंत. मी पहिली वापरत होतो. 'नियंत्रक' हा शब्द लांब, त्याचा चौकोन रुंद, त्यामुळे पुढचा बाण आखूड. 'मोटर' अरुंद, म्हणून तिथला बाण लांब. चिन्ह हलवलं आणि सगळे बाण सारखे झाले. उलट, जाळीसारखी मांडणी हवी असेल तर केंद्रांतलंच अंतर बरं, त्यासाठी 'ऑन ग्रिड' आहे.

फीडबॅकची रेघ हा मात्र खरा आनंदाचा भाग. टिक्झमध्ये -| म्हणजे आधी आडवं जा, मग उभं. |- म्हणजे आधी उभं, मग आडवं. चिन्हं बघितली की हालचाल दिसतेच. मोटरच्या पुढच्या बिंदूपासून दीड सेंटिमीटर खाली उतरायचं आणि तिथून -| ने गोलाकडे. गोलाचा कुठला बिंदू, हे सांगावं लागत नाही. रेघ खालून येते आणि गोलाच्या कडेला थांबते. याच चिन्हाचा दुसरा उपयोग मला याहून आवडतो. रेघ न काढता, नुसत्या कंसात (क |- ख) लिहिलं तर 'क'चा एक्स आणि 'ख'चा वाय घेतलेला बिंदू मिळतो. क च्या सरळ खाली, ख च्या उंचीवर. आकडा एकही नाही.

त्या रेघेवर 'मोजलेला वेग' लिहायला गेलो तर शब्द कोपऱ्यावर जाऊन बसला. कारण -| च्या मार्गावर निम्मं अंतर, म्हणजे ०.५, नेहमी कोपऱ्यावरच पडतं, दोन्ही तुकडे लहान-मोठे असले तरी. पहिल्या तुकड्याच्या मध्यावर लिहायचं तर ०.२५, दुसऱ्याच्या मध्यावर ०.७५.

आणि मग शिरोरेषा. सगळे चौकोन एका ओळीत, केंद्रं एका पातळीत, तरी आतले शब्द वर-खाली. 'मापक' मध्ये वर-खाली काही नाही. 'त्रुटी' ला खाली उकार, वर वेलांटी. टिक्झ शब्दाची उंची मोजून तो चौकोनाच्या मधोमध ठेवतो, त्यामुळे उकारवाला शब्द उचलला जातो. चौकोनांना किमान उंची दिली तर चौकोन सारखे होतात, शब्द नाहीत. उपाय म्हणजे 'टेक्स्ट हाइट' आणि 'टेक्स्ट डेप्थ' सगळ्यांना एकच ठरवून द्यायची, मग सगळे शब्द एकाच ओळीवर बसतात. इंग्रजीत हा त्रास जी, पी, वाय अशा अक्षरांनी होतो, आपल्याकडे दर दुसऱ्या शब्दाला.

नंतर परीक्षकांनी फीडबॅकच्या वाटेत सेन्सर मागितला. मी एक ओळ वाढवली, रेघेचे दोन तुकडे केले, बाकी काही हललं नाही. फक्त गोलाजवळचं उणे चिन्ह कुठल्याच नियमाने नीट बसेना. ते मी दोन पॉइंट उजवीकडे ढकललंय, नजरेच्या अंदाजाने. अख्ख्या आकृतीत माझ्या हातचा तेवढाच एक आकडा उरलाय.