वही चौथी: चुकलेले घाटे, वाफसा आणि वेळ अमावास्येचं गणित

काल अधिक ज्येष्ठ लागला. आठवडाभरात रोहिणी निघतील, मग मृग. मे महिन्यात लातुरात परसबाग करणाऱ्याला पाण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. मी मात्र आज सकाळपासून वह्या काढून बसले आहे. परसबागेच्या नोंदींच्या तीन वर्षांच्या तीन वह्या भरल्या, आजपासून चौथी. या खेपेला रकाने बदलले आहेत. का बदलले ते सविस्तर लिहिते, कारण त्यात माझा एक अख्खा वाफा गेला.

आमची जागा घरामागे, सहा वाफ्यांची. प्रत्येक वाफा तीन मीटर लांब, एक मीटर रुंद, माती काळी. दरवर्षी माझा एकच हट्ट असतो: वेळ अमावास्येच्या भज्जीत निदान चार जिन्नस आपल्या वाफ्यातले पडावेत. इकडे लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळं गाव शेतात जातं, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, आणि आंबिलासोबत भज्जी, म्हणजे मिसळीची भाजी असते. ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाल, मेथी, कांद्याची पात, गाजर, असेल ते सगळं तिच्यात.

2024 साली ही अमावास्या 30 डिसेंबरला होती. हरभरा मी 5 ऑक्टोबरला टोकला होता, बरोबर 86 दिवस झाले होते आणि घाटे हिरवेगार, टच्च भरलेले. एवढा आनंद झाला की वहीत तारखेभोवती लाल चौकट केली: 'हरभरा, 5 ऑक्टोबर, हीच तारीख.'

2025 ला त्याच तारखेला टोकला. वहीत होतं ना! पण त्या साली वेळ अमावास्या 19 डिसेंबरला आली, अकरा दिवस आधी. त्या दिवशी पहाटे टॉर्च घेऊन वाफ्यात गेले, ओंजळभर घाटे तोडले आणि एक चिमटीत दाबला. फट्ट वाजला. आत ज्वारीएवढा दाणा, तोही पाणचट. पाच-सहा घाटे फोडले, सगळ्यांची तीच गत. आत्याबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "वाऱ्यानं फुगलेत गं नुसते. पिकाला कुठं तुझी वही वाचता येते?" भज्जीला हरभरा शेजारच्या काकूंनी दिला.

नंतर शांतपणे बसून हिशोब केला, तेव्हा गोष्ट लक्षात आली. नक्षत्रं सूर्यावर चालतात, म्हणून मृग दरवर्षी 7-8 जूनलाच निघतो. सण तिथीने येतात आणि बारा चांद्रमास साधारण 354 दिवसांतच संपतात, म्हणून तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. मग अधिक महिना येतो आणि तिला पुन्हा पुढे ढकलतो. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे वेळ अमावास्या थेट जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जाते. पेरणी नक्षत्रावर आणि तोडणी तिथीवर असेल, तर नुसती तारीख उतरवून भागत नाही. म्हणून नव्या वहीतला पहिला जादा रकाना 'पेरल्यापासून किती दिवस'. 7 जानेवारीपासून 86 दिवस मागे मोजले की 13 ऑक्टोबर येते. ते पान आत्ताच दुमडून ठेवलं आहे.

दुसरा रकाना वाफशाचा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, पेरण्याजोगी झाली का याचा, आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षा मोलाचा. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय पाऊस झाला ते सगळ्यांना आठवत असेल. 5 ऑक्टोबरला माझ्या वाफ्यात पाय रुतत होता, तरी तारखेच्या हट्टापायी मी बी टोकलं. निम्मं तिथेच कुजलं. जे उगवलं त्याच्या मुळाशी माती वाळून विटेसारखी झाली. काळ्या मातीत ओल्यात हात घातला की ती सूड उगवतेच. आता टोकण्याआधी वीतभर खोलीवरची मूठभर माती घेऊन लाडू वळते. अंगठ्याने दाबल्यावर तो भुगा होऊन सुटला तर वाफसा आला. नुसता चेपला आणि बोटाला चिकटला, तर आणखी थांबायचं. वहीत एकच शब्द लिहिते, 'सुटला' किंवा 'चिकटला'.

वालाचं गणित मात्र याच्या उलट निघालं. गावठी वाल एका वर्षी जूनमध्ये टाकला, पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये, आणि दोन्ही वेळा फुलं नोव्हेंबरच्या एकाच आठवड्यात आली. दिवस लहान झाल्याशिवाय गावठी वाल फुलतच नाही. मग जूनपासून मांडव अडवून का ठेवायचा? यंदा तिथे आधी दोडका, वाल ऑगस्टमध्ये.

पाण्याच्या नोंदीबद्दल थोडं. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, त्यामुळे बादली हेच माझं माप. पावसासाठी सरळ भिंतीची काचेची बरणी उघड्यावर ठेवते, भिंतीपासून आणि झाडापासून लांब, आणि सकाळी साडेआठला पट्टीने मोजते. हवामान खात्याची नोंदीची वेळही तीच आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. माझा वाफा तीन चौरस मीटरचा, म्हणजे दहा मिलिमीटर पडला की तीस लिटर, माझ्या दोन बादल्या. तेवढ्या त्या दिवशी वाचल्या. हे कळल्यापासून भुरभुर पावसानंतर 'आज पाणी नको' असा गैरसमज होत नाही. दोन मिलिमीटर म्हणजे जेमतेम सहा लिटर, काळ्या मातीचा वरचा पापुद्रा तेवढा ओला होतो.

याच हिशोबाने उन्हाळी काकडी बंद केली. गेल्या उन्हाळ्यात तिला रोज एक बादली लागली, साठ दिवसांत नऊशे लिटर, आणि काकड्या निघाल्या सहा किलो. शेजारच्या वाफ्यात गवारीला तिसऱ्या दिवशी एक बादली पुरली आणि ती कुरकुरली नाही. काकडी मला फार आवडते, पण हे आकडे समोर असताना यंदा पेरवली नाही.

वह्यांबाबत दोन बारीक गोष्टी. शिसपेन्सिलीने लिहा, शाई पहिल्याच पावसात पसरते. आणि वाफ्यातल्या पाट्यांवर मार्करने नावं लिहू नका. मेच्या उन्हात माझ्या सगळ्या पाट्या कोऱ्या झाल्या आणि काटेरी हिरव्या वांग्याची रोपं जांभळ्यात मिसळली, फळ धरेपर्यंत कळलं नाही. आता पत्र्याच्या पट्टीवर खिळ्याने कोरते.

आजची नोंद: 'परभणी क्रांती' भेंडीचं घरचं बी. पानं पिवळी पाडणाऱ्या हळद्या रोगाला ती चांगली तोंड देते म्हणून तीन वर्षं हेच वाण धरलं आहे. चांगल्या तीन झाडांवर शेंगा वाळवून बी राखलं होतं. गुरुवारी वीस दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून मोरीजवळ ठेवले, आज सोडले. सतराला मोड आलेत, दोन नुसते फुगलेत, एक बुरशीने गेला. गेल्या वर्षी एका जागी तीन-तीन दाणे टाकून नंतर विरळणी करत बसले होते. यंदा दोनच टाकणार.