ऑक्सिजन चांगला होता

रात्री सव्वाअकराला पेटी आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, आली. बर्फात तीन पिशव्या, एकात एक, आणि सगळ्यात आतल्या पिशवीत थंड द्रावणात ठेवलेली दोन फुप्फुसं. पूर्ण मिटलेली नव्हेत, अर्धवट फुगवलेली. बाकी अवयवांना रक्त थांबलं की ऑक्सिजनही थांबतो. फुप्फुसाचं तसं नाही, त्याच्या वायुकोशांत हवा राहिली तर त्या हवेवर पेशी काही काळ तग धरतात. आमचं सगळं काम या एका सवलतीवर उभं आहे.

मी परफ्युजनिस्ट आहे. एरवी हृदयाच्या शस्त्रक्रियेत हार्ट-लंग मशीन चालवते. गेली काही वर्षं शरीराबाहेर काढलेली फुप्फुसं पंपावर आणि व्हेंटिलेटरवर चालवून बघायचं कामही करते.

डोक्याला जबर मार लागून मेंदूमृत्यू झालेल्या तरुण मुलाची ती फुप्फुसं होती. मेंदूला असा धक्का बसला की छातीला काही न लागताही फुप्फुसांत पाणी उतरू शकतं, आणि त्याच्या एक्स-रेत दोन्ही बाजूंना खाली पांढुरकी छाया दिसत होती. शंभर टक्के ऑक्सिजनवर रक्तातला ऑक्सिजनचा दाब निदान ३०० मिलिमीटर पारा तरी असावा अशी अपेक्षा असते. इथे तो २७० होता. घ्यावीत तर भीती, सोडावीत तर हळहळ. अशाच फुप्फुसांसाठी हे मशीन आहे.

पलीकडच्या खोलीत एक बाई वाट बघत होत्या. पल्मनरी फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसं आतून राठ होत जातात. नऊ महिने यादीत, आणि त्यातले शेवटचे चार ऑक्सिजनची नळी नाकाला लावूनच. याआधी एकदा त्यांना बोलावून परत पाठवलेलं होतं. आम्ही त्याला ‘ड्राय रन’ म्हणतो. शब्द सोपा आहे, पण त्या रात्रीनंतर तो माझ्या तोंडातून सहज निघत नाही.

फुप्फुसं जोडायला पाऊण तास लागला. फुप्फुसधमनीत एक कॅन्युला, म्हणजे जोडनळी, डाव्या अलिंदाच्या उरलेल्या कडेला नरसाळ्यासारखी दुसरी, आणि श्वासनलिकेत ट्यूब. मी सर्किटमधली हवा काढत होते. एक बुडबुडा राहिला तरी तो एखाद्या बारीक रक्तवाहिनीत जाऊन बसतो, म्हणून नळ्यांवर टिचक्या मारत शेवटपर्यंत बघावं लागतं. सर्किटमध्ये रक्त नसतं, असतं स्टीन सोल्युशन. स्वीडनमधल्या लुंडच्या स्टिग स्टीन यांनी ते तयार केलं. त्यात अल्ब्युमिन आणि डेक्स्ट्रान असतात. ते पाण्याला रक्तवाहिनीत धरून ठेवतात, ऊतीत झिरपलेलं पाणीही ओढून घेतात. याच पद्धतीने तपासलेलं फुप्फुस स्टीन यांनी २००० साली एका रुग्णात बसवलं होतं. ते फुप्फुस हृदय थांबून मरण पावलेल्या दात्याचं होतं.

बारा वाजून पाच मिनिटांनी पंप सुरू केला. सुरुवातीला मिनिटाला जेमतेम १५० मिलिलिटर, तेही गार. मग तापमान आणि प्रवाह दोन्ही हळूहळू वाढवायचे. ३२ अंशांच्या पुढे गेलं की व्हेंटिलेटर लावायचा. मिनिटाला सातच श्वास, सावकाश. ३७ अंशांवर पोचलं की तासाभरात प्रवाह हृदयाच्या नेहमीच्या प्रवाहाच्या चाळीस टक्क्यांवर आणून तिथेच ठेवायचा. आमच्या हिशेबाने तो दोन लिटर निघाला. पारदर्शक घुमटाखाली निपचित राखाडी पडलेलं फुप्फुस गुलाबी होत जातं, त्याची एकेक खाच उलगडते, आणि ते श्वास घेऊ लागतं. कितीदा पाहिलं तरी त्या क्षणी मी बोलत नाही.

पहिला तास झाला. आम्ही व्हेंटिलेटर शंभर टक्के ऑक्सिजनवर नेला आणि नमुना घेतला. ३९०. दुसऱ्या तासाला ४३२.

इथे माझ्याकडून घाई झाली. चारशेच्या वर आकडा म्हणजे उत्तम, हे डोक्यात इतकं पक्कं होतं की मी स्वतः भूलतज्ज्ञांना फोन केला, “फुप्फुसं चांगली चालली आहेत, तुम्ही तयारी धरा.” त्यांनी बाईंना ओटीत आणलं.

तिसऱ्या तासाला ४२८. पण माझ्या तक्त्यात आणखी एक रांग होती, श्वासनलिकेतल्या सर्वोच्च दाबाची. ११, १२ आणि आता १४. तेवढीच हवा आत ढकलायला दर तासाला जास्त जोर लागत होता. रिझर्व्हायर, म्हणजे द्रावणाची टाकी, बघितला. दर तासाला आम्ही २५० मिलिलिटर द्रावण काढून तेवढंच ताजं भरतो, त्यामुळे पातळी जागेवर राहायला हवी. ती दोन बोटं खाली होती. सर्किटला कुठे गळती आहे का म्हणून मी गुडघ्यावर बसून एकेक जोड हाताने चाचपला. कोरडा. म्हणजे द्रावण फुप्फुसातच जात होतं.

“सर, जरा दाब बघता का?”

आमच्या प्रमुख सरांनी पाहिलं. “ऑक्सिजन चारशेच्या वर आहे ना?”

“आहे. पण पातळीही उतरतेय.”

ते थोडा वेळ घुमटाकडे बघत राहिले. “अजून एक तास देऊ.”

ऑक्सिजन चांगला आणि फुप्फुस वाईट, हे कसं होतं ते इथे सांगितलंच पाहिजे, कारण आमच्यातलेही अनेक जण इथे अडखळतात. समजा फुप्फुसातून चार वाट्या द्रव जातोय. तीन वाट्या निरोगी भागातून जातात आणि ६०० दाबाचा ऑक्सिजन घेऊन बाहेर येतात. चौथी पाण्याने भरलेल्या भागातून जाते आणि आत आली तशीच, म्हणजे ६० वर, बाहेर पडते. चारही एकत्र ओतल्या की साध्या द्रवात सरळ सरासरी निघते, ४६५. उत्तम! रक्त असतं तर चौथ्या वाटीतलं रिकामं हिमोग्लोबिन बाकीच्या तीन वाट्यांतला ऑक्सिजन खेचून घेतं आणि आकडा धाडकन कोसळतो. म्हणून पेशीविरहित द्रावणात पाव फुप्फुस बाद झालं तरी ऑक्सिजनचा आकडा छान दिसू शकतो. टोरांटोच्या गटाने डुकरांच्या फुप्फुसांवर प्रयोग करून २०१२ मध्ये हे मांडलं होतं. लवचीकता (ठरावीक दाबाला फुप्फुस किती फुगतं ते) आणि दाब आधी बिघडतात, ऑक्सिजन मागून. मी ते वाचलेलं होतं, नव्या मुलांना शिकवलंही होतं. तरी दोन वाजता फोन मीच केला होता.

चौथा तास. ऑक्सिजन ४१५, दाब १६. पहिल्या तासाला फुप्फुसाची लवचीकता ७० होती, ती ३८ वर आली होती. ब्रॉन्कोस्कोप, म्हणजे श्वासनलिकेत बघायची दुर्बीण, आत घातला तेव्हा डाव्या खालच्या शाखेत गवताच्या पातळ काढ्यासारखा पिवळसर फेस वर येत होता. पंपावरच काढलेल्या एक्स-रेत छाया आधीपेक्षा वर चढलेली दिसली.

खोलीत आम्ही पाच जण होतो. एक तरुण सर्जन म्हणाला, “सर, आकडा तर निकषात बसतो. आणि त्या परत गेल्या तर पुढचं फुप्फुस मिळेपर्यंत…” त्याने वाक्य पुरं केलं नाही. तो चुकीचं बोलत नव्हता. यादीतली माणसं वाट बघता बघता जातात, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. पण भरलेलं फुप्फुस छातीत शिवलं आणि पहिल्याच रात्री ते बंद पडलं, तर ते काढून त्या जागी बसवायला दुसरं काहीच नसतं.

टोरांटोचा २०११ सालचा अभ्यास या क्षेत्रात जो तो सांगतो. धोक्याची मानलेली २३ फुप्फुसं चार तास पंपावर ठेवली, त्यातली २० बसवली, आणि ती नेहमीच्या फुप्फुसांपेक्षा वाईट ठरली नाहीत. सगळे त्या २० बद्दल बोलतात. त्या पहाटे मला उरलेली ३ आठवत होती. तिथेही कोणीतरी घड्याळाकडे बघत उभं असेल, तिथेही पलीकडे कोणीतरी तयार झोपलं असेल. त्या तिन्हींना ‘नाही’ म्हटलं म्हणूनच त्या २० वर विश्वास ठेवता येतो, असं मला वाटतं.

सरांनी हातमोजे काढले. “थांबवूया. मी त्यांच्याशी बोलून येतो.”

पाचला काही मिनिटं असताना मी पंप बंद केला. व्हेंटिलेटरची नळी काढली की चांगलं फुप्फुस भसकन मिटतं, फुग्यातली हवा सोडावी तसं. उजव्याचा वरचा भाग मिटला. डाव्याचा खालचा भाग होता तसाच फुगून राहिला. मी त्यावर बोट टेकवलं. खळगा पडला आणि तो भरला नाही. नंतर वजन केलं, तर आलं तेव्हापेक्षा ते कितीतरी जड भरलं. रिझर्व्हायरमधून गेलेलं सगळं तिथे होतं.

कुटुंबाने संशोधनासाठीही संमती दिली होती. म्हणून मी आणि एका मुलीने प्रत्येक खंडातून हरभऱ्याएवढे तुकडे काढून द्रव नायट्रोजनमध्ये टाकले. कुठल्या भागात पाणी आधी उतरलं, कुठे दाह जास्त होता, हे त्या तुकड्यांतून कळू शकतं. लेबलं लिहिताना तिचा हात थरथरत होता. मी तिला बसायला सांगितलं आणि उरलेली लिहिली.

सर परत आले तेव्हा उजाडत होतं. मी विचारलं, “काय म्हणाल्या?”

“आधी रडल्या. मग म्हणाल्या, त्या मुलाच्या घरच्यांना फुप्फुसं खराब निघाली असं सांगू नका.”

मी बाईंना भेटायला गेले. फोन मी केला होता, आणि तो घाईने केला होता, हे त्यांना माझ्या तोंडून कळायला हवं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. बोलायला त्यांना दम लागत होता. माझ्या मनगटावर हात ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, “बसवली असती आणि मग कळलं असतं, तर?”

आठ वाजता ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर मॅडमचा फोन आला. त्याच मुलाच्या दोन्ही किडन्या बसवून झाल्या होत्या, आणि एकीने टेबलावरच लघवी तयार करायला सुरुवात केली होती. त्या कुटुंबाशी बोलायला निघाल्या होत्या.

“फुप्फुसांचं काय सांगू?”

मी बाईंचा निरोप त्यांना सांगितला. मग म्हटलं, “अपघातात आधीच पाणी उतरलं होतं, त्यामुळे बसवता आली नाहीत, हे सांगायलाच हवं मॅडम. पण पाच तास आम्ही त्यांच्याजवळून हललो नाही आणि त्यांचे नमुने जपून ठेवलेत, हेही सांगा.”

त्या लिहून घेत होत्या. “पाच तास?”

“बारा पाचपासून पाचला कमी होते तोवर.”

“मग पाचच लिहिते,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.