तीन पूल आणि गोंयच्या सायबाचे फेस्त

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसटी गाड्या माणसांसकट पुरात गेल्या. त्याच पुलावरून मी आठच दिवसांपूर्वी मुंबईहून सावंतवाडीला आले होते. तेव्हापासून पूल दिसला की माझ्या पायांतले बळ जाई. गाडीत असले तर मी डोळे मिटून घेई. पुलावरून चालत जाणे मात्र मी पूर्णपणे सोडून दिले होते. म्हणूनच गोंयचो सायब म्हटल्या जाणाऱ्या संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला (सणाला) सावंतवाडीहून जुन्या गोव्यापर्यंत पायी निघणाऱ्या मंडळींत मी कधी नाव दिले नव्हते, कारण त्या वाटेवर तेरेखोल, शापोरा आणि मांडवी अशा तीन नद्या ओलांडाव्या लागतात.

मागच्या आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या उपासनाकाळाच्या, तोंडावर कुमसाराला (पापांची कबुली द्यायला) गेले असता मी ही भीती फादरांना सांगितली. ते सांत्वन करतील अशी माझी अपेक्षा होती. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "यंदा तुम्ही वारीला जा. हेच तुमचे प्रायश्चित्त." मी कारणे सांगू लागले, तेव्हा त्यांनी तेच वाक्य हळू आवाजात पुन्हा म्हटले. घरी येईपर्यंत मला त्यांचा राग आला होता, हे मला मान्य केले पाहिजे.

३० नोव्हेंबरला मिलाग्रिसच्या कॅथेड्रलमध्ये पहाटेची मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) झाली आणि आम्ही निघालो. पुढे क्रूस, मागे आम्ही तीसेक माणसे. माझ्या पुढे ज्यांना ठेवले होते त्या मावशींची ही अकरावी वारी होती. बांद्याजवळ तेरेखोलचा पूल आला तेव्हा मी कठड्यापाशी थबकले. मावशींनी मागे वळून पाहिले आणि म्हणाल्या, "खाली बघू नको गो. माझ्या पाठीक बघ आणि तेर्स म्हणत चल." तेर्स म्हणजे आमची मारियेची जपमाळ. पुलाच्या भक्कमपणाबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. मी त्यांच्या निळ्या ओढणीवर नजर लावली आणि नमो मारियेचा एकेक मणी ओढत पलीकडे गेले. अंगाला कंप होता, पण 'जाऊ की नको' हा प्रश्न माझ्याकडे उरलाच नव्हता; तो कुमसाराच्या वेळीच निकालात निघाला होता. पाय उचलणे एवढेच माझे काम होते, आणि तेवढे मला जमत होते.

दुसऱ्या दिवशी कोलवाळला शापोरा ओलांडली. तेथे वारा फार होता आणि बाजूने ट्रक गेला की पूल हादरे. त्या अर्ध्या वाटेत मी दोनदा रडले, पण थांबले नाही.

म्हापशाच्या मुक्कामी रात्री बरोबरच्या फादरांनी सायबाची गोष्ट सांगितली. पूर्वेकडे जायला जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस याने मुळात दुसऱ्यालाच नेमले होते. तो आजारी पडला, म्हणून १५४० च्या मार्चमध्ये ऐनवेळी फ्रान्सिसला बोलावले. तो एवढेच म्हणाला, "मी आहे की इथे," आणि फाटकी वस्त्रे शिवून दुसऱ्याच दिवशी रोम सोडून निघाला. ६ मे १५४२ ला तो गोव्यात उतरला. जपानला निघण्यापूर्वी त्याने लिहिले होते की वाटेतल्या सगळ्या संकटांपेक्षा, संकटांकडे पाहून देवावरचा भरवसा सोडणे हेच मोठे संकट आहे. ३ डिसेंबर १५५२ ला तो चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला, आणि त्याला आज्ञेने युरोपात परत बोलावणारे इग्नेशियसचे पत्र लिहिले गेले ते १५५३ च्या जूनमध्ये. या शेवटच्या गोष्टीने मला बराच वेळ झोप लागली नाही. ज्याने एका शब्दावर घर सोडले, तो परतीच्या शब्दावरही तसाच निघाला असता, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

मांडवीवर आता तीन पूल शेजारीशेजारी आहेत. येथलाच एक पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला होता, हे मला ठाऊक होते आणि कोणी विचारले नसतानाही मी ते मावशींना सांगितले. "ठाऊक आसा माका," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या. मी त्यांच्या मागोमाग गेले. पुढचा रायबंदरचा बांध, एका अंगाला मांडवी आणि दुसऱ्या अंगाला मिठागरे, सतराव्या शतकापासून पाण्यातच उभा आहे; त्यावरून जाताना पहिल्यांदाच माझी मान आपोआप वर झाली आणि मला बगळे दिसले.

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेच्या आवारात फेस्ताची मिस्सा झाली. सायबाचे अवशेष असलेल्या चांदीच्या पेटीसमोर उभी राहिले तेव्हा पुलांची भीती काढून टाक असे मागायचे ठरवून आले होते, ते मागितले नाही; फादरांच्या नावाने एक नमो मारिया म्हटली.

परतताना आमची गाडी तिन्हीसांजेला कोलवाळच्या पुलावर आली आणि माझ्या तळव्यांना पुन्हा घाम सुटला. मावशी माझ्या खांद्यावर डोके टेकून झोपल्या होत्या. त्यांना न उठवता मी डोळे उघडे ठेवले आणि तेर्स सुरू केले.