मामांच्या कीर्तनांच्या सीडी : ऑडिओ की एमपी३?

सी-९० कॅसेटच्या दोन्ही बाजू मिळून ९० मिनिटं, आणि कोऱ्या सीडीवर छापलेलं असतं ८० मिनिटं. मामांची कीर्तनं सीडीवर घ्यायला बसलो तेव्हा पहिला प्रश्न या उरलेल्या दहा मिनिटांचा होता.

मामा नारदीय परंपरेतले कीर्तनकार. रामनवमीच्या उत्सवात गावच्या देवळात त्यांचं कीर्तन असायचं आणि कोणीतरी खांबाशी टेपरेकॉर्डर ठेवून ते टेप करायचं. त्या कॅसेट संगणकावर आणून झाल्या होत्या. आता त्या घराघरांत पोचवायच्या होत्या. ऐकणारे बहुतेक सत्तरीच्या पुढचे. मावशीनं तर स्पष्टच सांगितलं, "हे बघ, मोबाइल मला फोनपुरता. माझ्या प्लेअरमध्ये घातली, बटण दाबलं, की दादाचं कीर्तन लागलं पाहिजे." तिचा प्लेअर जुना, त्यावर एमपी३ असं कुठेही छापलेलं नाही. मामेभावाला मात्र गाडीत ऐकायचं होतं, आणि त्याच्या गाडीतल्या स्टिरिओवर एमपी३ लिहिलेलं आहे. इथेच दोन वाटा झाल्या.

ऑडिओ सीडी हा फिलिप्स आणि सोनी यांनी १९८०मध्ये ठरवलेला नमुना. आवाजाची सेकंदाला ४४,१०० मोजमापं (सॅम्पल), प्रत्येक १६ बिटचं, आणि चॅनेल कायम दोन. आमचं ध्वनिमुद्रण एका माइकचं, मोनो. तरी त्यामुळे दुप्पट मावत नाही, कारण तोच आवाज दोन्ही चॅनेलवर लिहिला जातो. एमपी३ फाइल छोटी असते म्हणून ऑडिओ सीडीवर जास्त बसेल, असंही होत नाही. लिहिताना ती पूर्ण उलगडली जाते आणि ८० मिनिटं ती ८० मिनिटंच राहतात. शिवाय एमपी३ करताना गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून ऑडिओ सीडीसाठी मी सुरुवातीपासून आवाज न आवळणाऱ्या वेव फाइलच वापरल्या.

डेटा सीडीचं, म्हणजे फाइल फाइल म्हणूनच ठेवलेल्या चकतीचं, गणित वेगळं. जागा ७०० एमबी. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट बिटरेटच्या, एमपी३ फाइल केल्या तर १२ तासांहून अधिक आवाज मावतो, म्हणजे अख्खा उत्सव एका चकतीवर. अट एकच, प्लेअरला फाइल वाचता आल्या पाहिजेत.

मावशीसाठी ऑडिओ सीडी ठरली आणि कीर्तन दोन चकत्यांवर जाणार हेही ठरलं. मग कापायचं कुठे? कॅसेटची बाजू बदलते तिथे कापणं सोपं होतं, पण तिथे मामा एखाद्या ओळीच्या मधोमध असतात. कीर्तनाच्या बांधणीत मात्र कापायची जागा आधीपासूनच आहे. पूर्वरंग संपतो, बुवांना बुक्का लावून हार घालतात, तोवर मंडळी भजन म्हणतात आणि मग उत्तररंगाचं आख्यान लागतं. मी पहिली चकती त्या भजनाच्या शेवटाला संपवली आणि दुसरी आख्यानाच्या पहिल्या पदापासून सुरू केली. ८० मिनिटं भरून काढायच्या नादात आख्यानाची सुरुवात पहिल्या चकतीत ढकलली असती, तर ऐकणाऱ्याचा रस तुटला असता. पहिल्या चकतीवर बरीच जागा रिकामी राहिली, ती राहू दिली.

चकतीच्या आतही भाग पाडावे लागतात, नाहीतर सुदाम्याचं आख्यान अर्ध्यावर सोडून दुसऱ्या दिवशी पुढे ऐकायचं तर बटण दाबून धरत बसावं लागतं. नमन, मूळ पद, निरूपण, दृष्टांत असे ट्रॅक मी पाडले. एका ऑडिओ सीडीवर ९९ ट्रॅक बसतात, तेव्हा अडचण संख्येची नव्हती. अडचण होती मध्ये पडणाऱ्या शांततेची. निरूपणातून मामा पदात शिरतात तेव्हा पेटीचा सूर चालूच असतो. सीडी लिहिण्याची 'ट्रॅक अ‍ॅट वन्स' पद्धत प्रत्येक ट्रॅकमध्ये दोन सेकंदांची फट घालते. फिल्मी गाण्यांना ती चालते, कीर्तनात मात्र धरलेला सूरच तुटतो. 'डिस्क अ‍ॅट वन्स' पद्धतीत सगळी चकती एका दमात लिहिली जाते आणि फट शून्य ठेवता येते. त्याच्या जोडीला एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. सीडीवर एका सेकंदाचे ७५ तुकडे असतात आणि ट्रॅकची हद्द त्या तुकड्याच्या कडेलाच पडते. ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वेळ मोजण्याचं माप 'सीडीडीए फ्रेम्स' ठेवून, निवड त्याच मापाला चिकटवून कापलं, की जोडावर टिकटिक येत नाही. ऑडॅसिटी स्वतः सीडी लिहीत नाही, म्हणून वेव फाइल बाहेर काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून चकती केली.

चकती सीडी-आर घेतली, एकदाच लिहिता येणारी. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू प्रकाश कमी परावर्तित करते आणि जुन्या प्लेअरना ती वाचता येईलच असं नाही. लिहून झाल्यावर डिस्क 'फायनलाइज' केली, म्हणजे लिहिणं संपल्याची नोंद करून ती बंद केली. ते केलं नाही, तर संगणकात लागलेली चकती घरच्या प्लेअरमध्ये बहुधा ओळखलीच जात नाही. लिहिण्याचा वेगही सगळ्यात वरचा न ठेवता १६ एक्स, म्हणजे ऐकण्याच्या वेगाच्या सोळापट, ठेवला.

मामेभावाची सीडी लवकर झाली. फाइल मोनो ठेवल्या, बिटरेट स्थिर ठेवला, कारण बदलत्या बिटरेटवर काही जुने स्टिरिओ वेळ चुकीची दाखवतात. फाइलची नावं मुद्दाम रोमन लिपीत आणि सुरुवातीला 01, 02 असे आकडे देवनागरीऐवजी साध्या इंग्रजी अंकांत. देवनागरी नावं संगणकावर छान दिसतात, पण गाडीच्या छोट्या पडद्यावर बहुतेक वेळा चौकोनच उमटतात. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी एक जपावं : विंडोज कोरी सीडी घातल्यावर विचारतं, की ही यूएसबी ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठी. दुसराच पर्याय घ्यावा. पहिल्यात यूडीएफ पद्धतीने लिहिलं जातं आणि गाडीतले बरेच प्लेअर ती चकती ओळखत नाहीत.

एकाच चकतीवर ऑडिओ आणि फाइल दोन्ही ठेवता येतात, तोही विचार करून पाहिला. पण मावशीच्या प्लेअरला फाइलचा उपयोग नाही आणि मामेभावाची सोय वेगळ्या सीडीवर झालीच होती, म्हणून तो सोडून दिला.

नावं लिहायला अल्कोहोल नसलेलं मऊ टोकाचं मार्कर आणलं. सीडीचा आवाज धरणारा थर छापील बाजूच्या अगदी लगत, पातळ लॅकरखाली असतो, त्यामुळे चरा पडला तर वरच्या बाजूनं जास्त धोका. कागदी लेबल चिकटवली नाहीत.

मूळ प्रत या दोन्ही नमुन्यांत नाही. ती २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर, फ्लॅक या आवाज न गमावता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आहे, आणि त्यातली एक माझ्या घरी नाही. मामांच्या आवाजाचं इतकं तरी आमच्याकडून व्हायलाच हवं होतं. आता देवस्थानासाठी एक संच करायचा आहे. तिथला प्लेअर ध्वनिवर्धकाच्या कपाटात आहे आणि किल्ली पुजाऱ्यांकडे असते. पुढच्या वेळी गावी गेलो की त्या प्लेअरच्या तोंडावर काय छापलं आहे ते बघेन, मगच चकत्या लिहायला घेईन.