सोंग आणि उखळ : चेनजियागोऊतील पंधरा दिवस

"सोंग, सोंग," असे म्हणत गुरुजींनी माझ्या खांद्यावर दोन बोटे टेकवली आणि ते पुढे गेले, तेव्हा माझ्या मराठी कानाला ती सरळ चोरी पकडली गेल्याची खूण वाटली. चिनी भाषेत या शब्दाचा अर्थ अंगातला ताण सोडणे असा आहे आणि ताईची या चिनी युद्धकलेच्या कोणत्याही वर्गात तो दिवसातून शंभरदा कानावर पडतो, हे मला संध्याकाळी दुभाषाचे काम करणाऱ्या एका तरुण विद्यार्थ्याकडून कळले. माझा गैरसमज मात्र फारसा चुकीचा नव्हता, कारण सकाळपासून मी खरोखर सोंगच घेतले होते. चेहरा शांत, श्वास संथ, आणि खांदे मात्र कानांना भिडलेले.

चेनजियागोऊ हे गाव चीनच्या हेनान प्रांतात, वेन तालुक्यात आहे. झेंगझोऊ शहरातून गाडीने निघून पीत नदीचा रुंद, गढूळ पट्टा ओलांडला की सपाट शेते लागतात, आणि ऑक्टोबर असल्यामुळे रस्त्याच्या कडेला, अंगणात, जिथे जागा मिळेल तिथे मक्याची पिवळी रास वाळत पडलेली दिसते. 'गोऊ' म्हणजे घळ. चेन घराण्याची घळ, एवढाच या गावाच्या नावाचा अर्थ. सतराव्या शतकात मिंग राजवट कोसळल्यानंतर गावी परतलेल्या चेन वांगटिंग या सैनिकी पेशाच्या गृहस्थाने येथे ही कला बांधली असे मानले जाते. वूडांग पर्वतावरच्या चांग सानफंग या ताओ साधूला स्वप्नात ती दिसली, ही कथाही सांगितली जाते. पण गावात फिरताना साधूपेक्षा सैनिकाची गोष्टच मला अधिक पटली, कारण येथे ताईची ध्यानाच्या अंगाने नव्हे, तर आपल्याकडच्या तालमीच्या अंगाने शिकवली जाते. चेनजियागोऊचे पाणी प्यायलेल्याचा पाय आपोआप उचलतो, अशी तिथली म्हणच आहे.

नाशिकला मी चार वर्षे जी चोवीस हालचालींची मालिका करत होते ती चीनच्या क्रीडा खात्याने १९५६ मध्ये सर्वसामान्यांसाठी सोपी करून बसवलेली आहे, आणि ती मला बऱ्यापैकी येते असा माझा समज होता. तो पहिल्याच सकाळी उतरला. आम्हाला एकही हालचाल न शिकवता नुसते उभे केले गेले: पाय खांद्यांइतके रुंद, गुडघे किंचित वाकलेले, हात छातीसमोर एखादे मोठे पातेले कवेत घेतल्यासारखे गोल. डोके कसे ठेवायचे हे सांगताना टाळूला वरून दोरी बांधली आहे असे समजा, असे ते म्हणतात. मी मनात शिंक्याला टांगलेले मडके आणले आणि मान खरोखर सरळ झाली. खांदे खाली, कोपरे जड, छाती किंचित आत, बेंबीखालचा भाग भरलेला. पाच मिनिटांनी मांड्या थरथरू लागल्या, दहाव्या मिनिटाला घाम कोपरावरून खाली टपकू लागला, आणि तेवढ्यात गुरुजी येऊन ती दोन बोटे टेकवून गेले. ज्या खांद्याला त्यांचा स्पर्श झाला तो अर्धा इंच खाली उतरला आणि दुसरा तिथेच राहिला, तेव्हा मला कळले की इतका वेळ मी ज्याला सैल म्हणत होते ती फक्त सवय होती. आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही. त्या यादीत सैलपणाचाही समावेश करायला हरकत नाही.

सैल म्हणजे ढिले नव्हे, हे समजायला चार दिवस आणि एक सुजलेला गुडघा लागला. चूक माझीच होती. वजन एका पायावर असताना मी कमरेतून न वळता गुडघ्यातून वळत होते आणि पाऊल जमिनीला चिकटलेले असल्यामुळे सगळा पीळ मधल्या सांध्यावर येत होता. त्या रात्री गरम पाण्याने शेकताना घरी परत जावे असे वाटले. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी माझा तळहात माझ्याच जांघेच्या घडीवर ठेवला आणि वळायला सांगितले. घडी हाताखाली मिटली तर वळण बरोबर, ती तशीच ताठ राहिली तर वळण चोरून गुडघ्याने घेतलेले. एवढी एक खूण मी आधी शिकले असते तर चार वर्षे वाचली असती. ज्या पायावर वजन आहे तो भरलेला आणि ज्यावर नाही तो रिकामा, आणि दोन्ही अर्धवट भरलेले असतील तर जागचे हलता येत नाही, हा नियमही मग आपोआप उलगडला.

चेन शैलीची ओळख सांगताना रेशीम उलगडण्याचा दाखला हमखास दिला जातो. कोशातून धागा ओढताना हिसका दिला की तो तुटतो आणि हात थांबला की गुंततो. रेशीम मी कधी उलगडलेले नाही, पण आमच्या शाळेत सूतकताईचा तास असे, आणि टकळीवर पेळूतून सूत काढताना बोटांना जो एकसारखा, सावध ताण लागे, तोच येथे पायापासून कमरेत, कमरेतून पाठीत आणि पाठीतून बोटांत न्यायचा असतो.

मला सर्वांत आवडलेली हालचाल मात्र मालिकेच्या अगदी सुरुवातीची आहे. तिचे नाव 'चिनकांग' उखळात कांडतो. हा चिनकांग म्हणजे बौद्ध मंदिरांच्या दारात उभा असलेला रक्षक, आणि हा शब्द आपल्या 'वज्र' या संस्कृत शब्दासाठीच चिनी भाषांतरकारांनी योजलेला आहे. ताओ विचारावर पोसलेल्या कलेत पहिल्याच पावलाला हा भारतीय पाहुणा भेटावा, याचा मला भाबडा आनंद झाला. उजवा गुडघा वर येतो, उजवी मूठ उचलली जाते, मग मूठ डाव्या तळहातात आणि पाऊल जमिनीवर एकाच वेळी पडते. गुरुजींचे पाऊल पडले की 'धप्प' असा खोल, बसका आवाज येई. माझे पडले की चपलेने झुरळ मारल्यासारखा 'फट्'. मी जितका जोर लावी तितका आवाज पोकळ होई. शेवटी मला आजी आठवली. कोकणातल्या घरी ती भात कांडताना मुसळ कधीच खाली दाबत नसे, फक्त उचलत असे. पडण्याचे काम मुसळाचे. दहाव्या दिवशी मी पाय तसाच नुसता सोडून दिला, आणि एकदाच, अगदी एकदाच, तो बसका आवाज आला. शेजारचा मुलगा वळून हसला. पुढच्या खेपेला अर्थातच पुन्हा 'फट्'.

दुपारी जोडीने हात ढकलण्याचा सराव असे. मनगटाला मनगट लावून समोरच्याचे बळ ऐकायचे, हा त्यातला मुख्य भाग, आणि 'चार ल्यांगांनी हजार जिन वळवावे' हे त्याचे जुने वचन. सोळा ल्यांगांचा एक जिन हे तिथले पूर्वीचे माप आणि सोळा छटाकांचा एक शेर हे आपले, त्यामुळे 'चार छटाकांनी हजार शेर' हे भाषांतर मला बसल्या जागी सुचले. प्रत्यक्षात पासष्टीच्या एका गावकरी बाईंनी मला सहा वेळा भिंतीकडे पाठवले आणि प्रत्येक वेळी माझ्याच जोराने. मी ढकलत असे आणि समोर काही सापडतच नसे.

संध्याकाळी त्याच बाई दारात बसून या भागात प्रसिद्ध असलेला लांबट, सळईसारखा कंद सोलत असत. वाफवल्यावर तो आपल्या कोनफळाचा सख्खा चुलत भाऊ लागतो आणि शाकाहारी माणसाला पंधरा दिवस सहज तारून नेतो. त्यांच्या घरापासून काही अंतरावर यांग लूचान जिथे शिकला ते आवार जपून ठेवले आहे. हेबेई प्रांतातून आलेला हा परका तरुण गावातले गुरू चेन चांगशिंग यांच्या सरावाकडे चोरून पाहत शिकला अशी कथा आहे. एकलव्य आठवतोच, फरक एवढाच की येथे गुरूने अंगठा न मागता त्याला रीतसर शिष्य करून घेतले, आणि पुढे त्याने बीजिंगला जाऊन यांग शैली रुजवली. घराबाहेर गेलेली विद्या तगली, आणि गावात मात्र ती विसाव्या शतकाच्या मध्यावर पार रोडावली. १९५८ मध्ये याच घराण्यातले चेन झाओपेई परत येऊन शिकवायला बसले तेव्हा ती पुन्हा सावरली. युनेस्कोच्या यादीत योग २०१६ मध्ये आला आणि ताईची २०२० मध्ये. गावाच्या वेशीवरच्या भव्य बांधकामात या मानाची ऐट पुरेपूर दिसते. मला ती जरा जास्तच वाटली.

परत येऊन तीन महिने झाले. पहाटे साडेपाचला हॉलमधला गालिचा गुंडाळून मी सराव करते. परवा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठून विचारले, "अहो, पहाटे पहाटे रोज काय कांडता तुम्ही?" आवाज कसा येतो, असे मी उलट विचारले. त्या क्षणभर विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "बहुतेक वेळा फट्. कधीतरी धप्प."