आधी ‘मका’, मग ‘अ’

मूल पाच-साडेपाच वर्षांचं झालं की घरात अंकलिपी येते आणि पहिल्या पानावरचा ‘अ’ पुढ्यात ठेवला जातो. गाडी तिथेच अडते. ‘अ’ काढायला दोन अर्धगोल, मधली छोटी आडवी रेघ, दांडी आणि शिरोरेघ लागते. ‘इ’ त्याहून वळणाची. बरं, सगळे स्वर घोकून झाले तरी वाचायला ‘आई’ आणि ‘ऊ’ सोडून फारसं काही मिळत नाही. वर्णमाला उच्चाराच्या जागेवरून लावली आहे, घशातल्या ‘क’पासून ओठांवरच्या ‘प’पर्यंत. ही मांडणी सुंदर आहे आणि मुलांना ती नंतर जरूर दाखवावी. पण वाचनाची सुरुवात तिथून करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सुरुवात चार अक्षरांनी आणि एका चिन्हाने करा: र, म, क, ळ आणि काना. एवढ्यावर काका, मामा, मका, माळ, काळा, काम, कमळ हे शब्द तयार होतात. पहिल्याच आठवड्यात मुलाला खरा शब्द वाचता येतो, तोही त्याच्या ओळखीचा. ही चार अक्षरं दिसायलाही एकमेकांपासून लांबची आहेत. दुसऱ्या गटात स, त, ब आणि दुसरी वेलांटी घ्या. आता ‘काळी माती, बारीक बी’ ही अख्खी ओळ वाचता येते. एका गटाला दोन-तीन आठवडे लागले तर लागू द्यावेत.

दुसरी वेलांटी पहिलीच्या आधी का? ती कान्यासारखी अक्षराच्या उजवीकडे येते आणि मराठी शब्दाच्या शेवटी (‘आणि’, ‘नि’ सोडले तर) दीर्घच लिहायची असते, त्यामुळे ती सतत भेटते. पहिली वेलांटी लिहायची आधी आणि म्हणायची नंतर. मूल ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ काढतं आणि मग वेलांटीला डावीकडे जागाच उरत नाही. वाचताना वेलांटी बोटाने झाका, ‘क’ म्हणू द्या, मग बोट काढा.

मुलं ‘क...म...ळ...’ असं एकेक अक्षर लांबवून म्हणतात आणि शेवटी शब्द हाती लागत नाही. कारण साधं आहे: बोलताना शेवटच्या ‘ळ’मधला ‘अ’ आपण गिळतो, वाचताना मात्र तो पूर्ण म्हणायला लावतो. आधी ‘नळ’, ‘घर’, ‘बस’ असे दोन अक्षरी शब्द घ्या आणि दुसरं अक्षर ‘अ’ न लांबवता तोडून म्हणा. ‘च’साठी चित्र निवडतानाही जपावं. ‘चाक’ आणि ‘चिमणी’ यांतला ‘च’ वेगळा ऐकू येतो, म्हणून दोन्ही चित्रं एकाच दिवशी नकोत.

लिहिण्याचा क्रम मात्र निराळा. वाचताना सारखी दिसणारी अक्षरं लांब ठेवायची, तर लिहिताना सारख्या वळणाची जवळ आणायची: व, ब, क एकत्र, प, ष, फ एकत्र. सुरुवातीला बोटाने अक्षर काढायला ताटात बारीक रवा इतकाच पसरावा की बोट फिरवल्यावर तळाचं स्टील दिसेल. थर जाड झाला की कडा ढासळतात आणि वळण बुजतं. मग फरशीवर खडूने वीतभर अक्षर, नंतर पाटी, शेवटी चौकटीची वही. पाटीवरची पेन्सिल अंगठ्याएवढी तोडून द्या, म्हणजे ती मुठीत धरता येत नाही आणि तीन बोटांत आपोआप बसते. (काही मुलं ती खातात. अशांना खडू द्यावा.) ठिपके जोडून गिरवायला लावण्यावर आमचा फारसा भरवसा नाही: मूल ठिपके जोडतं, कुठूनही सुरुवात करतं आणि हाताला वळण लागत नाही. त्याच्या शेजारी बसून हळू काढून दाखवलेलं एक अक्षर जास्त उपयोगी पडतं.

‘ख’ लिहिताना ‘र’चं शेपूट ‘व’च्या गोलाला खाली टेकलंच पाहिजे, नाहीतर ते ‘रव’ होतं.

शिरोरेघ पूर्ण शब्द लिहून झाल्यावर द्यावी. प्रत्येक अक्षराला वेगळी रेघ दिली की शब्द तुटतो आणि दोन शब्दांमधली जागा कळेनाशी होते. पण एका दमात रेघ ओढण्यात एक फसगत आहे. ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या डाव्या वळणावर रेघ येत नाही. ती सरसकट ओढली की ‘भाऊ’चा ‘माऊ’ होतो आणि ‘धार’ची ‘घार’. मुलाने शब्द चुकीचा ऐकला, असं समजून पालक पुन्हा पुन्हा ‘भ भ’ म्हणत राहतात, पण चूक फक्त अर्ध्या सेंटिमीटरच्या रेघेत असते. या अक्षरांपाशी पेन्सिल उचलायला शिकवा: डावं वळण मोकळं सोडायचं, दांडीच्या माथ्यावर पुन्हा टेकवायची आणि पुढे जायचं. भात, भाकरी, धागा, धान हे शब्द दोन-तीन दिवस रोज पाटीवर घ्या आणि दर वेळी मुलालाच विचारा, पेन्सिल कुठे उचललीस?