अँटेना डोंगरावर का नाही लावली?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो आहे. वाळपईच्या बाजारात विचारलंत, जत्रेत विचारलंत, एकदा तर बाराव्याच्या पंगतीला बसलो असताना विचारलंत: "तुमचा रेडिओ आमच्या वाड्यावर लागत नाही. एवढा डोंगर उभा असताना अँटेना खाली कॉलेजच्या आवारात का बसवलीत?" मी तोंड उघडण्याआधी शेजारचा कोणीतरी माझ्या वतीने उत्तर देऊनही टाकतो: "वर चढायचा कंटाळा, दुसरं काय!"

कंटाळा नव्हता. आमचं केंद्र सामुदायिक रेडिओच्या २००६ च्या धोरणाखाली सुरू झालं. त्या धोरणात शैक्षणिक संस्थेने ट्रान्समीटर आणि अँटेना स्वतःच्या मुख्य आवारातच बसवायची, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. स्वयंसेवी संस्थेला आपल्या समाजाच्या टापूत जागा निवडता येते, कॉलेजला येत नाही. अँटेनेची उंची जमिनीपासून किमान १५ मीटर आणि कमाल ३० मीटर. प्रक्षेपित शक्ती जास्तीत जास्त १०० वॉट. मंजुरी मिळते ती ठरावीक अक्षांश-रेखांशांना. त्या बिंदूवरून अँटेना उचलून डोंगरावर नेली तर ती मंजुरी त्या अँटेनेची राहत नाही. हे सांगितलं की लोक म्हणतात, कोण येणार आहे बघायला! मी बघतो ना. ज्या कागदावर माझ्या हाताने मोजमापं भरली, तो कागद खोटा पाडून मी वर पाना चालवणार नाही.

मग दुसरा प्रश्न येतो: पॉवर वाढवा. याचा हिशेब एकदाचा मांडतो. ट्रान्समीटर ५० वॉटचा आहे. तिथून अँटेनेपर्यंत ४० मीटर केबल जाते. अर्धा इंची चांगली केबल घेतली तरी तेवढ्या अंतरात पाचवा हिस्सा उष्णतेत जातो, म्हणजे वर पोचतात ४० वॉट. एकावर एक दोन डायपोल, म्हणजे लहर सोडणाऱ्या धातूच्या दांड्या, लावले आहेत. ते ऊर्जा आकाशात आणि जमिनीत न उधळता आडवी दाबतात, म्हणून क्षितिजाच्या दिशेने ती दुप्पट होते. झाले ८० वॉट. मर्यादा १०० ची. उरलेले २० मिळवले तरी वाढ १ डेसिबल (शक्तीतला फरक मोजायचं माप), आणि ती कोणाच्या कानाला कळणार नाही. तुमच्या वाड्यावर जो तुटवडा आहे तो २० डेसिबलच्या घरातला, म्हणजे जे यायला हवं त्याचा शंभरावा भाग पोचतो आहे. सपाट जमीन असती तर ३० मीटर उंचीवरून रेडिओचं क्षितिज २२ किलोमीटरवर गेलं असतं. गोव्याच्या या सत्तरी तालुक्यात सपाट जमीन कुठे आहे? एफएमची लहर आकाशवाणीच्या मीडियम वेव्हसारखी जमीन धरून जात नाही. तिची लांबी जेमतेम सव्वातीन मीटर. कड्याच्या काठावरून ती थोडी वाकते, पण लगेच पायथ्याशी उतरत नाही.

"निदान जोडली तरी नीट असती," हेही मी ऐकलं आहे, आणि ते मला सर्वांत जास्त लागतं. ही अँटेना मी आणि कॉलेजच्या मुलांनी सभागृहाच्या फरशीवर सतरंज्या अंथरून जोडली. प्रत्येक डायपोल दीड मीटरहून थोडा लांब. दोन्हींची गरम बाजू, म्हणजे केबलच्या आतल्या तारेला जोडलेली, वरच हवी. एक चुकून उलटा लागला तर दोघे एकमेकांचं काम खोडतात आणि समोर काहीच जात नाही, म्हणून मुलांकडून प्रत्येकावर लाल रंगाने वरची टोकं रंगवून घेतली. ऊर्जा दोघांत वाटणाऱ्या दुभाजकापासून दोन्ही डायपोलांपर्यंतच्या केबली एकाच मापाच्या, एकीवर दुसरी ठेवून तपासलेल्या. बोल्ट सगळे स्टेनलेसचे. प्रत्येक जोडावर आधी स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप, तिच्यावर प्लास्टिकची, आणि खोलीत शिरण्याआधी केबलला खाली झोल, म्हणजे पावसाचं पाणी तिथून गळून पडेल. आपल्याकडचा पाऊस जोडातून आत शिरला की केबलच्या पोटात महिनोन्‌महिने राहतो. अर्थिंगला त्रास झाला, कारण जांभा वीज पटकन पोटात घेत नाही. खड्डे वाढवले, कोळसा-मीठ भरलं, तांब्याची पट्टी एका खड्ड्यातून दुसऱ्यात ओढली. मेच्या गडगडाटात ती पट्टीच मास्ट, म्हणजे अँटेनेचा खांब, आणि स्टुडिओ वाचवते. पहिल्यांदा सुरू केलं ते ५ वॉटवर. परत येणारी ऊर्जा १ टक्क्याच्या आत होती. मीटरचा तो काटा मुलांना एकेक करून दाखवला. एका मुलीने विचारलं, "म्हणजे बाकी सगळं गेलं?" गेलं. अँटेनेकडून याहून जास्त काही मागता येत नाही.

एक टोमणा मात्र मला मान्य आहे, कारण तो मारणाऱ्याला इतिहास माहीत आहे. गावातले एक निवृत्त मास्तर म्हणतात, "वामन सरदेसाई आणि लिबिया लोबोंनी १९५५ पासून १९६१ पर्यंत जंगलात बसून रेडिओवरून अख्ख्या गोव्याला स्वातंत्र्याचा आवाज ऐकवला, पोर्तुगीज मागावर असताना. आणि तुम्हांला एक डोंगर ओलांडता येत नाही?" मास्तर, ते आधी आंबोलीला होते, मग कॅसलरॉकला. दोन्ही जागा घाटमाथ्यावरच्या. गोवा त्यांच्या पायाखाली पसरलेला होता. आम्ही घाटाच्या पायथ्याला बसून वर बघतो आहोत. तरीही तुमचा प्रश्न मी परतवत नाही. त्यांनी जागा निवडली ती ऐकणारा कुठे आहे ते बघून. आमची जागा परवाना कोणाच्या नावावर आहे यावरून ठरली.

आता जे आजवर सांगितलं नाही ते सांगतो.

जागा आमच्या हातात नव्हती, पण एक गोष्ट होती. अँटेना मास्टच्या बाजूला पाऊण-एक मीटर पुढे काढून लावतात. मास्ट स्वतः लोखंडाचा, म्हणून ज्या बाजूला डायपोल त्या बाजूला जरा जास्त जातं आणि पाठीमागे जरा कमी. कोणत्या बाजूला लावायची? पश्चिमेला लावली तर नदीकाठची मोठी गावं, बाजार, शाळा. पूर्वेला लावली तर कड्याखालचे वाडे, म्हणजे माझ्या मावशीचा वाडा. समितीच्या बैठकीत मीच म्हणालो, पश्चिमेला. जिथे जास्त कान, तिथे जास्त आवाज. कोणी विरोध केला नाही.

मावशीला मी आधीच सांगितलं होतं की तुझ्याकडे लागणार नाही. त्याआधी आमच्या मुली तिच्या अंगणात बसून चतुर्थीची फुगडीची गाणी ध्वनिमुद्रित करून गेल्या होत्या. मावशी आणि तिच्या वाड्यावरच्या बायका दोन दुपारी गायल्या. ज्या गाण्यांचे शब्द आता तिथल्या दोघी-तिघींनाच पुरते येतात, ती गाणी त्यांनी दिली. मी म्हटलं, मावशी, मध्ये डोंगर आहे. ती म्हणाली, "तू लावतोस ना? मग लागेल."

चाचणीच्या संध्याकाळी मुलांनी स्टुडिओतून तीच गाणी लावून ठेवली आणि मी ट्रान्झिस्टर घेऊन मोटरसायकलवर निघालो. भाताच्या मळ्यांपर्यंत आवाज खणखणीत. नदीच्या वळणावर, पुलावर, काजूच्या बागांपाशीही स्वच्छ. मग रस्ता कड्याच्या कुशीत शिरला आणि आवाजाखाली खरखर आली, पुढे खरखरीखाली आवाज गेला, आणि कुळागरांच्या, म्हणजे पोफळीच्या बागांच्या, तोंडाशी फक्त खरखर राहिली. तिथूनच परत फिरता आलं असतं. फिरलो नाही, कारण मावशीच्या अंगणात लोक जमले आहेत असा निरोप होता.

जमले होते. मावशीच्या मुलाने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून नवा रेडिओ आणला होता. अंगण सारवलेलं. रेडिओ तुळशीच्या कट्ट्यावर. ज्या बायकांनी गाणी गायली होती त्या सगळ्या तिथे, एक तर जावयाच्या घरून मुद्दाम आलेली. मावशीने काटा आकड्यावर आणला. खरखर. एरियल वर केली, आडवी केली. खरखर. मी रेडिओ हातात घेऊन अंगणभर फिरलो, विहिरीपाशी गेलो, गोठ्यामागे गेलो. फणसाच्या झाडाजवळ एकदम एक ओळ स्पष्ट आली. मावशीचाच आवाज. कड्यांवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी काही ठिकाणी जुळतात, काही ठिकाणी एकमेकींना मारतात, आणि जुळण्याच्या जागा हातभर रुंद असतात. मी जागच्या जागी थांबलो. मावशी धावत आली. ती जवळ आली आणि आवाज गेला, कारण माणसाच्या शरीरानेही तिथला खेळ बदलतो. मी तिला दूर व्हायला सांगितलं. आवाज आला. म्हणजे जिचं गाणं, तिला तिथून लांब उभं करावं लागत होतं.

ती लांबूनच म्हणाली, "मीच ना रे ती?"

तूच, म्हटलं. मग पुन्हा गेलं, आणि कितीही शोधलं तरी त्या संध्याकाळी परत आलं नाही.

थोड्या वेळाने तिने रेडिओ बंद केला, सेल जातील म्हणून. विचारलं, "खाली बाजारात लोकांना ऐकू येतंय ना?" मी हो म्हटलं. "मग झालं तर." ती खरोखर तेवढ्यावर थांबली. तिने मला पुन्हा कधी विचारलं नाही. पण जी बाई जावयाच्या घरून आली होती, ती मी मोटरसायकल सुरू करत असताना म्हणाली, "आमची गाणी नेलीत आणि बाजाराला ऐकवलीत." तुम्ही सगळे मला डोंगराबद्दल विचारता. तिने मला हे विचारलं. नियम, डेसिबल, अक्षांश-रेखांश यांतलं काहीही तिच्यापुढे मला बोलता आलं नाही.

तेव्हापासून बैठकीतल्या त्या मला मी पुष्कळदा समोर बसवलं आहे. तो म्हणतो: पूर्वेला लावून मिळालं असतं तीन-चार डेसिबल, तुटवडा वीसचा, मग बाजाराचा आवाज कमी करून वाड्याला काय मिळालं असतं? हिशेब बरोबर आहे. मी त्याला म्हणतो: बाजारातल्या माणसाकडे पणजीचं केंद्र आहे, खासगी एफएम आहे, मोबाइल आहे. वाड्यावर मोबाइलची रेंजही नाही. जिथे दुसरं काही पोचतच नाही, त्या जागेसाठी सामुदायिक रेडिओ नाही, तर कोणासाठी? तो म्हणतो: चार घरांसाठी चार गावं तोडायची? मी म्हणतो: फणसाखाली एक ओळ आली होती. तीन-चार डेसिबल जास्त असते तर त्या ओळीचं कडवं झालं नसतं कशावरून? यावर त्याच्याकडे उत्तर नाही. कडवं झालंच असतं, असं म्हणायची माझीही तयारी नाही.

मागच्या हिवाळ्यात मी मावशीच्या घरावर उंच बांबूला तीन दांड्यांची यागी बांधली, जुन्या टीव्हीच्या अँटेनेसारखी, तोंड कड्याच्या खिंडीकडे. आवाज आला. खरखर आहे, पण शब्द कळतात. मावशीने पहिल्या दिवशी बातम्यांपर्यंत सगळं ऐकलं आणि मग म्हणाली, "शेजारी पण बांध." शेजारी बांधली, तिथे आवाज नाही आला. बांबू दोन वाव वाढवला, तरी नाही. तिसऱ्या घरी आला. जावयाच्या घरून आलेल्या त्या बाईचं घर सर्वांत खाली, ओहोळाच्या काठाला. तिथून खिंड दिसतच नाही.

पावसाळ्याआधी मास्टवरचे क्लॅम्प, जोड आणि ताणाच्या तारा तपासायला वर चढायचंच आहे. अँटेना पूर्वेच्या बाजूला फिरवून एक आठवडा बघावं, असं मी समितीला लिहून दिलं आहे. नदीकाठच्या गावातले दोघे सदस्य आत्ताच नाराज आहेत, आणि त्यांची कारणं खोटी नाहीत, ती माझीच जुनी कारणं आहेत. बैठक व्हायची आहे. तिथे मला कोणी विचारलं की तुम्ही नक्की कोणत्या बाजूचे, तर काय सांगायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.